दहा दिवसांत ऱ्हाईनवर पूल खरंच झाला असेल का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: ज्युलियस सीझरनं इसवी सनापूर्वी ५५ साली ऱ्हाईन नदीवर दहा दिवसांत लाकडी पूल उभा केला असं तुम्ही वाचलंत, आणि तुमच्या गावच्या ओढ्यावरचा पूल मात्र चौथं वर्ष लागलं तरी अर्धाच आहे. तर सीझरची ही बढाई समजायची का? आणि खरं असेल तर ते काम केलं कुणी, वेगळ्या इंजिनीअरांनी की साध्या शिपायांनी?

मी सैन्याच्या इंजिनीअर कोअरमध्ये चोवीस वर्षं होतो. खडकीला सॅपर झालो, मुळेच्या पाण्यात ब्रिजिंग शिकलो, पुढं उत्तरेतल्या थंडगार नद्यांवर तेच काम केलं. निवृत्तीनंतर काही वर्षं कोकणात खाडीकाठच्या लहान जेट्ट्या आणि साकव बांधायच्या कामावर देखरेखीला होतो. लाकडी खुंट चिखलात ठोकणं म्हणजे काय असतं ते तिथं कळलं. रोमच्या इतिहासाचा मी पंडित नाही. सीझरनं त्या पुलाचं वर्णन स्वतः लिहून ठेवलंय, ते भाषांतरातून अनेकदा वाचलंय, आणि दर वेळी कागद-पेन्सिल घेऊन बसलोय. माझं मत आधीच सांगतो: दहा दिवस पटतात. का पटतात ते सांगायला जरा वेळ लागेल.

सुरुवातीला हे दहा दिवस कुठून मोजलेत ते बघू. सीझर म्हणतो, लाकूड गोळा करायला सुरुवात झाली तिथपासून दहा दिवसांत सगळं काम उरकून फौज पलीकडे गेली. म्हणजे जागा हेरणं, पात्राची खोली घेणं, काठाची माती बघणं, जंगल कुठं आहे ते शोधणं, आराखडा ठरवणं हे त्याच्या आधी झालेलं असणार. आमच्याकडेही असंच असतं. ‘बेली पूल (लोखंडी तयार भाग जोडून टाकायचा लष्करी पूल) अर्ध्या दिवसात टाकला’ असं आम्ही छाती काढून सांगतो, तेव्हा रेकी पार्टी आदल्या दोन रात्री त्याच काठावर गुडघाभर पाण्यात फिरत होती हे सांगत नाही. तो खोटेपणा नसतो, मोजायला सुरुवात कुठून करायची याचा तो रिवाज आहे. ठेकेदारही वर्क ऑर्डरच्या तारखेपासूनच मोजतो.

तुमच्या गावच्या पुलाशी तुलना मात्र सोडून द्या. तो पुढच्या पिढ्यांसाठी बांधायचाय, त्याला काँक्रीटची ताकद तपासायला २८ दिवस थांबावं लागतं, जमिनीचा मोबदला, निविदा, पावसाळ्यातले चार महिने बंद. (चार वर्षांचं समर्थन मी करत नाही. त्यातली अडीच कुठं गेली ते तुम्हाला आणि मला दोघांनाही माहीत आहे.) सीझरला पूल हवा होता थोड्या दिवसांसाठी. तो पलीकडे गेला, अठरा दिवस राहिला, परत आला आणि पूल तोडून टाकला. अठरा दिवसांच्या पुलाला ओलं लाकूड चालतं. कीड लागेल, तडकेल, पुढच्या पुरात वाहून जाईल, यातल्या कशाचीच फिकीर नसते. आयुष्याची अट काढून टाकली की पुलाचं निम्मं काम कागदावरूनच नाहीसं होतं.

मग पूल बांधलाच कशाला, असंही तुम्ही मध्येच विचारलंय. पलीकडच्या काठावर उबी नावाची जमात राहायची, ती रोमनांच्या बाजूची होती. तिनं भरपूर नावा देऊ केल्या होत्या. सीझर म्हणतो, नावांतून जाणं पुरेसं सुरक्षित नाही, आणि माझ्या व रोमन जनतेच्या प्रतिष्ठेला शोभणारंही नाही. लोक हे वाक्य वाचून हसतात. मला त्यातलं पहिलं कारण खरं वाटतं. शत्रूच्या मुलखात शिरलेल्या फौजेला मागं फिरायची वाट लागते, आणि नावांतून माघार घेणं म्हणजे काठावर अर्धी फौज कापली जाणं. दुसरं कारणही पोकळ नाही. ऱ्हाईन ही आपली भिंत आहे असं पलीकडच्या जर्मन टोळ्या धरून चालल्या होत्या. त्या भिंतीत दहा दिवसांत दार पडलं. सुगांब्री नावाची टोळी पुलाचं काम सुरू झाल्याचं कळताच गावं सोडून रानात पळाली. बाण न मारता एवढं साधलं.

आता मुद्द्याचं काम. सीझरनं दिलेली रचना मी आपल्या शब्दांत मांडतो. दीड फूट जाडीचे दोन सोट घ्यायचे, बुडाशी थोडे तासायचे, नदीच्या खोलीप्रमाणे लांबी ठेवायची आणि दोन फुटांच्या अंतरानं एकमेकांना जोडायचे. ही जोडी यंत्रानं पाण्यात सोडून धुमसानं ठोकायची, पण साध्या खांबासारखी उभी नाही, तर प्रवाहाच्या दिशेनं कललेली. तिच्यासमोर, प्रवाहाच्या खालच्या अंगाला चाळीस फुटांवर, तशीच दुसरी जोडी. ती उलट, प्रवाहाच्या विरुद्ध कललेली. प्रत्येक जोडीच्या दोन सोटांमध्ये वर जी दोन फुटांची फट राहते, तीत दोन फूट जाडीची आडवी तुळई बसवायची आणि दोन्ही टोकांना चापांनी आवळायची. असा एक टेकू झाला. असे टेकू ओळीनं काठापासून काठापर्यंत. त्यांच्यावर लांबीच्या दिशेनं वासे, वाशांवर काठ्या आणि कुडाच्या भिंतीसारखे विणलेले ताटवे. खालच्या अंगाला आणखी तिरके खुंट, टेकूला रेटा देणारे. आणि वरच्या अंगाला थोड्या अंतरावर पाण्यात सुटे खुंट, म्हणजे शत्रूनं ओंडके किंवा नावा सोडल्या तर त्यांचा तडाखा आधी त्यांना बसावा.

रोमन फूट आपल्या फुटापेक्षा किंचित लहान, साडेएकोणतीस सेंटिमीटरच्या आसपास. म्हणजे सोट ४४ सेंटिमीटर जाड, तुळई ५९ सेंटिमीटर, आणि दोन जोड्यांमध्ये पावणेबारा मीटर. वर जाता जाता जोड्या जवळ येतात, त्यामुळे वरचा रस्ता यापेक्षा अरुंद. फौज, खेचरं आणि गाड्या जायला तो पुरेसा.

सुताराची लाकूड कापायची घोडी डोळ्यांपुढं आणा. तिचे पाय फाकलेले असतात म्हणून ती कोपऱ्यात ढकलली तरी पडत नाही. सीझरचा टेकू म्हणजे पाण्यात उभी केलेली घोडी. यातच त्याच्या वेगाचं निम्मं उत्तर आहे, आणि इतिहासाची पुस्तकं या जागेवरून घाईनं पुढं जातात म्हणून मी इथं जरा थांबतो.

उभ्या खांबाला पाण्याचा आडवा रेटा सोसायचा असेल तर तो तळात खोल जावा लागतो. जेवढा खोल, तेवढी त्याची पकड. पण खोल ठोकणं हेच तर नदीतलं सर्वांत सावकाश काम. त्या भागात ऱ्हाईनच्या तळाशी गोटे-वाळू आहे. गोट्यांत लाकडी खुंट पहिले दोन हात भराभर जातो, मग प्रत्येक बोटासाठी दहा-वीस घाव लागतात. कोकणात एका खाडीत आम्ही यंत्राविना खुंट ठोकत होतो. चिखलात एका दिवसात पाच-सहा व्हायचे. पुढं वाळूच्या पट्ट्यात आलो तर दिवसाला दोन. आणि एक खुंट तर खाली जायचा सोडून डोक्याकडून फाटायला लागला. फाकलेल्या पायांच्या घोडीचं तसं नसतं. आडवा रेटा एका पायात दाब होतो आणि दुसऱ्यात ओढ, त्यामुळे खुंट फार खोल गेला नाही तरी निभावतं. वरून फौजेचा भार पडला की दोन्ही पाय तळाशी आणखी रुततात. कलता खुंट ठोकायला उभ्यापेक्षा कठीण, त्याला मार्गदर्शक चौकट लागते, हे खरं. पण खोली वाचते, म्हणजे वेळ वाचतो. या आराखड्यामागच्या माणसानं पुलाची मजबुती खोलीतून न काढता कोनातून काढली.

तो माणूस कोण, ते सीझर सांगत नाही. त्या काळी त्याच्या गॉलमधल्या (म्हणजे आजच्या फ्रान्स आणि आसपासच्या मुलखातल्या) फौजेत ‘प्राएफेक्टुस फाब्रुम’ या पदावर मामुर्रा नावाचा गृहस्थ होता. पदाचा अर्थ कारागिरांचा प्रमुख. पुलाचं श्रेय त्याला द्यायचा मोह होतो, पण तसा पुरावा नाही. गॉलमध्ये त्यानं एवढी माया जमवली की रोममध्ये आपल्या घराच्या भिंतींना संगमरवरी फरश्या लावणारा तो पहिला माणूस ठरला, एवढं मात्र नोंदलेलं आहे. पुलांच्या कामात पैसा तेव्हाही होता म्हणायचा.

आता आकडे. पूल सध्याच्या जर्मनीत कोब्लेंत्स आणि आंडरनाख यांच्या दरम्यान कुठंतरी झाला असं मानतात. पात्राची रुंदी मी चारशे मीटर धरतो. टेकूंमधलं अंतर आठ मीटर धरू. याहून लांब वासे हातानं चढवणं नकोसं होतं. म्हणजे पन्नास टेकू. दर टेकूला चार मुख्य सोट, म्हणजे दोनशे. पन्नास जाड तुळया. खालच्या अंगाचे टेकणारे खुंट, वरच्या अंगाचे रक्षक खुंट आणि वासे धरून मोठी लाकडं सहाशेच्या पुढं जातात. हे सगळे माझे अंदाज आहेत. टेकू सहा मीटरवर धरले तर आकडे तिसऱ्या हिश्श्यानं वाढतील, पण निष्कर्ष फारसा हलणार नाही.

४४ सेंटिमीटर जाडीचा, दहा मीटर लांबीचा ओला सोट दीड घनमीटर भरतो. ओलं ओक असेल तर वजन दीड टन. असं झाड दोन माणसं चांगल्या कुऱ्हाडींनी पाडून, फांद्या छाटून तीन तासांत तयार करतात. सहाशे झाडांना छत्तीसशे मनुष्यतास. तीनशे माणसांना एक लांबलचक दिवस. गॉलमध्ये त्या वर्षी सीझरजवळ आठ लीजन होत्या. लीजन म्हणजे त्यांची मोठी पलटण, प्रत्यक्षात साडेतीन-चार हजार माणसांची. यातल्या निम्म्याच नदीवर होत्या असं धरलं तरी झाडं पाडणं ही अडचणच नाही. ओढून आणणं जास्त जड. एका सोटाला तीस माणसं आणि दोन तास धरा, तर छत्तीस हजार मनुष्यतास. तेही दीड हजार माणसांना दोन दिवसांचं काम. शिवाय तिथल्या उन्हाळ्यात पंधरा तास उजेड असतो.

खरी अडचण ठोकण्याची. पहिले दोन दिवस तयारीचे सोडले तर आठ दिवसांत दोनशे सोट, म्हणजे रोज पंचवीस. एक धुमस दिवसाला तीन सोट बसवतो असं मानू, कारण दर वेळी चौकट हलवावी लागते. तर आठ-नऊ धुमस एकाच वेळी चालू पाहिजेत. तीनशे किलोचा धुमस दोरांनी उचलायला वीस-पंचवीस माणसं, शिवाय चौकट धरणारी, दोर सांभाळणारी, आणि वर पाळ्या. सगळी मिळून हजारभर माणसं. माणसं आहेतच. पण नऊ धुमस ठेवायचे कुठं? पूल एका काठावरून पुढं पुढं सरकवत न्यायचा म्हटलं तर टोकाला एकच जागा मिळते, आणि मागं चार हजार माणसं हात बांधून उभी राहतात. पुलाच्या कामावर उशीर नेहमी इथंच होतो. माणसं असतात, सामान असतं, पण कामाला तोंड एकच असतं.

माझ्या मते त्यानं ही कोंडी फोडली ती उबींच्या भरवशावर. पलीकडचा काठ मित्रांचा होता, तेव्हा काम दोन्ही काठांवरून एकदम चालवता येत होतं. आणि ज्या नावा त्यानं फौज उतरवायला नाकारल्या, त्या कामाला वापरायला त्याला कुणी अडवलं नव्हतं. दोन नावा शेजारी बांधून त्यांवर फळ्यांचा माळा टाकला की धुमसाची चौकट नदीच्या मधोमध उभी करता येते. आम्ही तराफ्यावरून हेच करतो. सीझर सोट ‘यंत्रांनी’ पाण्यात सोडले म्हणतो. चारशे मीटरच्या पात्रात ते तरंगत्या माळ्यावरून झालं नसेल तर दहा दिवसांचा हिशेब माझ्याकडून तरी लागत नाही. लागला तो असाच.

वरच्या अंगाच्या रक्षक खुंटांबद्दल एक आठवण सांगतो. एका साकवाच्या कामावर आम्ही ते खुंट टाकलेच नाहीत. अंदाजपत्रकात बसत नव्हते. सप्टेंबरात वरच्या डोंगरातून आंब्याचं आख्खं झाड मुळासकट आलं, साकवाला आडवं लागलं, त्यामागं पाचोळा, वेली, गवत साठलं, आणि बघता बघता साकवाचं धरण झालं. पाण्यानं तीन टेकू उपटून नेले. माणूस गेला नाही हे नशीब. तेव्हापासून सीझरच्या वर्णनातल्या या शेवटच्या ओळीबद्दल मला फार आदर आहे. सीझरला शत्रूचे ओंडके दिसत होते, पण नदीलाही ओंडके सोडता येतात.

आता तुमच्या प्रश्नाचा दुसरा भाग, काम केलं कुणी. उत्तर: शिपायांनी, आणि त्यांच्यात पेरलेल्या थोड्या जाणकारांनी. रोमन लीजनमध्ये बांधकामाची वेगळी पलटण नव्हती. मोजणीदार, पातळी काढणारे, सुतार, लोहार हे लीजनमधलेच शिपाई. पुढच्या काळात अशांना ‘इम्युनेस’ म्हणत, म्हणजे पहारा-झाडलोट यांसारख्या नेहमीच्या कामांतून सूट मिळालेले. बाकी प्रत्येकाला खणणं, तोडणं, वाहणं येत होतं, कारण ते त्याला रोज करावं लागे. मोहिमेवर असताना फौज दर मुक्कामाला खंदक खणून, मातीचा बांध घालून, वर खुंट रोवून तळ उभारायची. सकाळी मोडायची. पुढच्या मुक्कामाला पुन्हा तेच.

याचाही हिशेब करून बघा. एका लीजनच्या तळाचा घेर पावणेदोन-दोन किलोमीटर. खंदक पाच फूट रुंद, तीन फूट खोल, खाली निमुळता. दर मीटरला जेमतेम पाव ब्रास माती निघते. निम्मी लीजन पहाऱ्यावर उभी केली तरी उरलेल्या दोन हजारांत माणशी एक मीटरही येत नाही. दीड-दोन तासांत काम संपतं. मोठं काम आहे असं वाटतच नाही, आणि त्यांच्या सगळ्या पद्धतीचं मर्म हेच. प्रत्येकाला आपला तुकडा माहीत, आपली जागा माहीत, शेजारी कोण ते माहीत. तळाचा नकाशा ठरलेला, त्यामुळे परक्या मुलखात रात्री पोचलेला शिपाईसुद्धा आपल्या तंबूची गल्ली चुकत नसे. कोन काढायला ‘ग्रोमा’ नावाचं साधन होतं: काठीवर आडवी फुली आणि तिच्या चार टोकांना चार ओळंबे. समोरासमोरचे दोन ओळंबे एका रेषेत धरले की सरळ रेघ, दुसरे दोन धरले की काटकोन. गवंड्याच्या गुण्याचा थोरला भाऊ समजा. वाऱ्यात ओळंबे हलतात, तेवढी एक खोड.

हत्यारांत मला सगळ्यांत आवडते ती ‘दोलाब्रा’. एका बाजूला कुऱ्हाडीचं पातं, दुसऱ्या बाजूला टिकावाचं टोक. झाड तोडा, माती खणा, तटाचे दगड उचका. कॉर्बुलो नावाचा सेनापती म्हणायचा की शत्रूला जिंकायचं ते दोलाब्रानं. याच कॉर्बुलोनं इसवी सन ४७ मध्ये ऱ्हाईन आणि म्यूझ या नद्यांच्या दरम्यान तेवीस मैलांचा कालवा शिपायांकडून खणून घेतला. शिपाई रिकामे बसू नयेत हाही त्यामागं हेतू होता. आमच्या एका सुभेदार साहेबांचं तत्त्व अगदी हेच होतं. फक्त ते आम्हाला कालव्याऐवजी परेड ग्राउंडच्या कडेचे दगड चुन्यानं रंगवायला लावत.

शिपाई हे सगळं आनंदानं करत होते असं समजू नका. कॉर्बुलोनंतर लगेच कुर्टियुस रूफुस नावाच्या अधिकाऱ्यानं जर्मनीत चांदीची खाण खणायला लावली. चांदी थोडी निघाली, मेहनत मात्र उदंड. शेवटी शिपायांनी गुपचूप क्लॉडियस बादशहाला पत्र लिहिलं: कुणाच्या हाती फौज द्यायची असेल तर विजयाचा मानसन्मान त्याला आधीच देऊन टाका. म्हणजे मान मिळवण्यासाठी तो आम्हाला खणायला लावणार नाही. एवढा सभ्य आणि एवढा झोंबणारा अर्ज मी माझ्या नोकरीत एकही पाहिला नाही.

‘रोमन कधी चुकत नसत का?’ हेही तुम्ही विचारलंय. चुकत. माझं लाडकं उदाहरण आजच्या अल्जीरियातलं. तिथल्या साल्डाए या शहराला, म्हणजे आताच्या बेजायाला, डोंगराच्या पोटातून बोगदा खणून पाणी आणायचं होतं. तिसऱ्या ऑगुस्ता लीजनमधला नोनियुस दातुस हा पातळी काढणारा जाणकार. त्यानं मोजणी केली, नकाशे दिले आणि तो परत गेला. खणाई दोन्ही तोंडांकडून सुरू झाली. काही वर्षांनी साल्डाएहून निरोप: लवकर या, काम सोडून द्यायची पाळी आलीय. हा निघाला, वाटेत दरोडेखोरांनी लुटला, कपडेही काढून घेतले. जखमी अवस्थेत पोचला तर काय दिसलं? दोन्हीकडून खणलेल्या बोगद्यांची लांबी मिळून डोंगराच्या रुंदीपेक्षा जास्त झाली होती, तरी बोगदे भेटले नव्हते. दोन्ही तोंडांचे खणणारे आपापल्या उजवीकडे सरकत गेले होते. त्यानं पुन्हा रेषा आखली. आरमाराचे शिपाई एका बाजूला, दुसऱ्या तुकडीचे दुसऱ्या बाजूला लावून चुरस लावली आणि बोगदे मिळवले. पुढं लांबैसिस इथं त्याच्या स्मारकावर ही सगळी हकिगत कोरली, आणि वर तीन स्त्रीमूर्ती: धीर, पराक्रम आणि आशा. मोजणीदाराला या तिन्ही लागतात, आणि त्याच क्रमानं. ही गोष्ट इसवी सन १५०च्या आसपासची, सीझरनंतर दोनशे वर्षांची. तोवर अनुभव कितीतरी वाढला होता. तरी जाणकार माणूस जागेवरून हलला की रेषा वाकडी गेलीच.

तेव्हा पुलाच्या दहा दिवसांतही काही सोट फाटले असतील, काही जोड्या चुकीच्या कोनात गेल्या असतील. फरक एवढाच की चूक त्याच संध्याकाळी दिसत होती, आणि ती दुरुस्त करणारा माणूस तिथंच उभा होता.

बढाईविरुद्ध माझा सर्वांत पक्का पुरावा सीझरनं दोन वर्षांनी दिलाय. इसवी सनापूर्वी ५३ साली त्यानं ऱ्हाईनवर दुसरा पूल बांधला, आधीच्यापेक्षा थोडा वरच्या अंगाला. त्याबद्दल तो एवढंच म्हणतो की पद्धत आता माहितीची झाली होती, शिपायांनी उत्साहानं काम केलं, थोड्या दिवसांत पुरं झालं. आकडा नाही, सोटांची जाडी नाही, यंत्रं नाहीत. बढाई मारणारा माणूस दुसऱ्या वेळी ‘सातच दिवसांत’ असं ठोकून गेला असता. आमच्याकडेही पहिल्यांदा टाकलेल्या पुलाचे किस्से रात्रभर चालतात आणि चौथ्याचा उल्लेख नोंदवहीत एका ओळीत येतो.

या दुसऱ्या पुलाचं त्यानं परत येताना काय केलं ते मला पहिल्या पुलापेक्षाही जास्त आवडतं. सगळा तोडला नाही. उबींच्या काठाकडचा दोनशे फुटांचाच भाग काढला, उरलेल्या पुलाच्या टोकाशी चार मजली लाकडी बुरूज उभारला आणि कोहोर्ट नावाच्या बारा तुकड्या, म्हणजे लीजनपेक्षाही मोठी शिबंदी, राखणीला ठेवली. दोनशे फूट म्हणजे माझ्या हिशेबानं सात-आठ टेकू. परत यायचं ठरलं तर दोन दिवसांचं काम, आणि हे पलीकडच्या टोळ्यांनाही दिसत होतं.

एका गोष्टीची मात्र मला अजून पूर्ण खात्री पटलेली नाही, आणि तिथं तुमची मदत होईल. सीझर म्हणतो, ही जुळणी अशी होती की पाण्याचा जोर जेवढा वाढेल तेवढे सांधे जास्त आवळले जातील. सगळं त्या चापांवर अवलंबून. तो शब्द ‘फिब्युला’, आणि ते चाप नेमके कसे बसवले होते यावर अभ्यासक अजून भांडतात. मी घरामागच्या ओहोळात बांबूंची प्रतिकृती केली होती. आडव्या तुळईच्या दोन्ही टोकांना, जोडीच्या आतून एक आणि बाहेरून एक अशा खुंट्या तिरक्या बांधल्या, तर पाणी चढल्यावर बांधण घट्ट झालं. खुंट्या नुसत्या आडव्या बांधल्या तर काहीच फरक पडला नाही. पण माझं पाणी घोट्याएवढं होतं.

तुमच्या गावच्या ओढ्याला जुलैत मांडीएवढं पाणी येत असेल तर करून बघा. मनगटाएवढ्या जाडीचे चार बांबू, दोन-दोनच्या जोड्या, दोन्हींत पाच फुटांचं अंतर, डोकी एकमेकांकडे कललेली, वरच्या फटीत एक जाड बांबू आडवा, बांधायला काथ्या. नायलॉनची दोरी नको, ती ताणली जाते आणि काही कळत नाही. ओढ्यात एकट्यानं उतरू नका, कमरेला दोर बांधून काठावर एक माणूस ठेवा. पाणी चढण्याआधी गाठींवर खडूनं खूण करा आणि ओसरल्यावर गाठी किती सरकल्या ते मोजून मला कळवा.